सोबत : अर्जाची छायांकित प्रत

सरकारी नोकरीत मी एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची आठ वर्षं मी आमच्या कार्यालयाची माहिती अधिकारी होते. खातं कुठलं ते सांगत नाही. जमिनींच्या नोंदी जिथं पडून असतात, अशा जिल्ह्यातल्या अनेक कार्यालयांपैकी ते एक होतं, एवढं पुरे. माहितीच्या अधिकाराखाली कुणी अर्ज केला की तो माझ्या टेबलावर यायचा, आणि तीस दिवसांच्या आत त्याला उत्तर जायला हवं, हे माझं काम.

कायदा नवा आला तेव्हा मी साधी लिपिक होते. मला मनापासून आनंद झाला होता. माझं माहेर शेतकऱ्याचं. जमीन बऱ्यापैकी होती, तरी एका फेरफारासाठी वडिलांनी तलाठ्याच्या ओट्यावर बसून किती दिवस घालवले ते मी लहानपणी पाहिलं होतं. आता दहा रुपयांचं तिकीट लावून कुणीही विचारू शकेल आणि आपल्याला सांगावंच लागेल, ही कल्पनाच मोठी वाटायची. ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर माहिती अधिकाऱ्याचं नाव रंगवून घेतलं, तेव्हा पेंटरला शिडी धरून द्यायला मी उभी होते.

पुढं नियम येत गेले. एका अर्जात एकच विषय. अर्ज सामान्यतः दीडशे शब्दांच्या आत. नियमात ‘सामान्यतः’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणजे अधिकाऱ्यानं ठरवलं तर जास्त शब्दही चालले असते. पण आमच्याकडे तो शब्द कुणी वाचायचं नाही. अर्ज हातात आला की मी पेन्सिलीच्या टोकानं शब्द मोजायची. सवयच लागली होती. साहेब महिन्याच्या बैठकीत एवढंच विचारायचे, “प्रलंबित किती?” आणि शून्य म्हटलं की खूश असायचे.

एका वर्षी मृगाच्या आधी, उन्हाची काहिली चालू असताना, अकरा बायका आमच्या कार्यालयात आल्या. पाचोडच्या बाजाराला जोडलेल्या एका गावातून, एसटीनं. सगळ्या धनगर घरांतल्या. काहींच्या घरी अजून मेंढरं होती, काहींची संपली होती आणि त्या रोजंदारीनं दुसऱ्यांच्या रानात जायच्या. त्यांच्यात पन्नाशीच्या आसपासची एक बाई पुढं झाली. उंच, वाळकी, कपाळावर ठसठशीत गोंदण. तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. वरती त्यांच्या महिला मंडळाचं नाव, खाली सत्तावीस सह्या आणि अंगठे. कुणाचा अंगठा निळ्या शाईत, कुणाचा काळ्या.

प्रश्न गायरानाचा होता. गावाच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चरायची. पेरण्या झाल्या की कुणाच्या रानात मेंढरू घालता येत नाही, म्हणून पावसाळ्याचे ते महिने सगळा भार त्या माळावर. आता तिथं खांब रोवले जात होते, तारेचं कुंपण पडत होतं. सौर पॅनेलवाली कंपनी आली होती. जमीन कुणी दिली, कधी दिली, गावाला विचारलं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी कागद वाचला आणि परत केला.

“मावशी, असा अर्ज चालत नाही,” मी म्हणाले. “मंडळाच्या नावानं माहिती मागता येत नाही. कायद्यात हा अधिकार नागरिकाला आहे.”

“मंग आम्ही कोण हाव?” तिनं विचारलं.

“तुम्ही नागरिक आहात. पण मंडळ म्हणजे नागरिक नाही.”

“आम्ही सगळ्या नागरिक, अन्‌ आम्ही मिळून केलं ते मंडळ नागरिक नाय?”

मागं एक म्हातारी हसली. मलाही हसू आलं असतं, पण मी कलम दाखवलं. एकीनं एकटीच्या नावानं अर्ज करा, सही करा, पत्ता लिहा, असं समजावून सांगितलं. एकीनं विचारलं, मंडळाची नोंदणी केली तर चालेल का? मी म्हणाले, तरी चालणार नाही. शिवाय नोंदणीला घटना लागते, ठराव लागतात, पदाधिकारी लागतात, दरवर्षी कागद भरावे लागतात, बदल झाला की कळवावं लागतं. त्या ऐकत राहिल्या. मी खोटं काहीच सांगत नव्हते.

साहेबांना भेटायचंय म्हणून त्या आवारातल्या लिंबाखाली बसल्या. कुणी घोषणा दिली नाही. शिदोरी सोडून भाकरी खात होत्या. अर्ध्या तासानं एक हवालदार आला. शहरात जमावबंदी लागू होती. ती आमच्याकडे बहुतेक वेळा असतेच, पंधरा-पंधरा दिवसांनी आदेश पुढं जातो. पेपरात चार ओळी येतात आणि कुणी वाचत नाही. हवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, “पाच किंवा जास्त लोक एका जागी बसू नका. माझ्यावर येतं.”

मग त्यांनी काय केलं, तर चौघीजणी झाडाखाली बसल्या आणि बाकीच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेनं लांब लांब उभ्या राहिल्या, एकमेकींशी न बोलता. थोड्या वेळानं चौघी उठून बाहेर जायच्या, दुसऱ्या चौघी सावलीला यायच्या. मी खिडकीतून बघत होते. शेजारच्या टेबलावरचा लिपिक म्हणाला, “मॅडम, ड्युटी लावलीय बघा त्यांनी.” आम्ही दोघं हसलो. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. पाचच्या एसटीला त्या निघून गेल्या.

आठवड्यानं ती गोंदणवाली बाई एकटीच आली. अर्ज तिच्या नावानं, तिच्या हातचा. चौथीपर्यंत शिकले, असं तिनं आपणहून सांगितलं. अक्षर मोठं, रेघ सोडून चढलेलं. मी पेन्सिल घेतली. दोनशेच्या वर शब्द भरले.

“मावशी, हे दीडशेत बसवावं लागेल.”

“कामून?”

“नियम आहे.”

ती खुर्चीवर बसली. “मंग तुम्हीच सांगा काय काढू.”

जेवणाची सुट्टी होती, ऑफिस रिकामं होतं. मी तिला मदत करायची म्हणून बसले. त्या वेळी मला तसंच वाटलं होतं, आपण मदत करतोय. तिनं लिहिलं होतं की माळाच्या पूर्वेला एक झिरा आहे, चैत्रातसुद्धा तिथं मेंढराच्या तोंडापुरतं पाणी असतं. मी म्हणाले, हे काढा, याचा माहितीशी संबंध नाही. तिनं लिहिलं होतं की तिची सासू त्याच माळावर बाळंत झाली, मेंढरं राखता राखता, आणि ते पोर म्हणजे तिचा नवरा. ते काढलं. गावात दवंडी झाली नाही, ग्रामसभेचं कुणाला सांगितलं नाही, कुंपणात अडकून दोन कोकरं मेली, ही तक्रार आहे, माहिती नाही, तेही काढलं. शेवटी उरलं ते असं : गट क्रमांक अमुक मधील गायरान क्षेत्र कोणत्या आदेशान्वये, कोणास व किती मुदतीसाठी देण्यात आले, त्या आदेशाची प्रत मिळावी.

मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं कागद स्वतःकडे ओढून घेतला.

“ताई,” ती म्हणाली, “यात आम्ही कुठंच नाय राहिलो की.”

मी म्हणाले, “असंच लिहायचं असतं. याला नाही म्हणता येत नाही कुणाला.”

तिनं सही केली. दहाचं तिकीट चिकटवलं. जाताना पिशवीतून मूठभर ओल्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. मी नको म्हणाले तर म्हणाली, “घरच्या नायत, वाटंवर दिल्या एकीनं. खावा.”

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर घरातही कुणाला नीट सांगितलेलं नाही.

तिनं मागितलेल्या आदेशात कंपनीची माहिती होती. अशी माहिती दुसऱ्या कुणाची असेल, तर त्या दुसऱ्याला आधी कळवावं लागतं, तुमची माहिती मागितली आहे, तुमची हरकत असेल तर सांगा. कलमच आहे तसं. मी कंपनीला नोटीस काढली आणि गावात तिचं काम बघणाऱ्या प्रतिनिधीलाही काढली. हा प्रतिनिधी गावातला मोठा बागाईतदार. नोटिशीचा नमुना संगणकात तयारच होता. नाव-तारीख बदलायची, छापायची, सही करायची. खाली डाव्या बाजूला नेहमीची ओळ होती, ‘सोबत : अर्जाची छायांकित प्रत’. शिपायानं झेरॉक्स काढून आणली. मी दोन्ही नोटिशींना ती टाचली.

त्या झेरॉक्सवर तिचं नाव होतं, गाव होतं, वस्तीचा पूर्ण पत्ता होता, मोबाइल नंबर होता. नोटीस देणं कायद्यात होतं. अर्जदाराचं नाव देणं कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणी मला तसं सांगितलंही नव्हतं. आधीच्या माहिती अधिकाऱ्याच्या काळापासून ती ओळ नमुन्यात होती, म्हणून मी झेरॉक्स जोडत आले. तोवर किती जोडल्या होत्या, देव जाणे.

तीन आठवड्यांनी ती आली. या वेळी बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. विहिरीवर मेंढरं पाजायला बंदी झाली होती. विहीर बागाईतदाराची, कुणाला पाणी द्यायचं ही त्याची मर्जी. तिचा थोरला मुलगा कंपनीच्या साईटवर राखणदार होता, त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ज्या बायकांनी त्या सत्तावीस सह्या-अंगठे केले होते, त्यांच्यातल्या कितीतरी जणी आता तिच्या दारावरून मान खाली घालून जात होत्या. कागदावर नाव एकटीचंच होतं ना.

“ताई, माझं नाव त्यांना कुणी सांगितलं?” तिनं विचारलं.

मला त्याच क्षणी कळलं. ती झेरॉक्स टाचणीसकट डोळ्यापुढं आली. आणि मी म्हणाले, “मी चौकशी करते.”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच परत ठेवला. शेजारचा लिपिक काय झालं म्हणून विचारू लागला, त्याला म्हणाले, काही नाही, नेहमीचंच.

चौकशी कसली करणार होते मी? कुणाची? नमुन्यातली ती ओळ मात्र मी त्याच दिवशी खोडली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, ही ओळ का नाही? मी म्हणाले, कायद्यात नाही, आणि अर्जदाराला त्रास होतो. ते म्हणाले, “उद्या समोरचा म्हणेल अर्जच दाखवला नाही, मग कोण धावपळ करणार?” ओळ परत आली. मी पुढं नाव-पत्त्यावर कागद ठेवून झेरॉक्स काढायला लावायची, साहेबांच्या लक्षात येणार नाही अशी. माझं धाडस तेवढंच.

तिसाव्या दिवसाच्या आतच तिचं पत्र आलं. टपालानं. ‘मी दिलेला अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.’ अक्षर तिचं नव्हतं. वळणदार, सुटसुटीत, रेघेवर बसलेलं अक्षर. खाली सही तिची, रेघ सोडून वर चढलेली. तक्रार तर तिनं केलीच नव्हती, मीच सगळी काढून टाकली होती.

अर्ज मागं घेता येतो की नाही याबद्दल कायदा काही बोलत नाही. मला उत्तर देता आलं असतं. आदेश फायलीत होता, मी पाहिला होता, दोन पानांचा. त्या दोन पानांची प्रत तिच्या पत्त्यावर पाठवली असती तर कुणी मला फासावर चढवलं नसतं. पण मी फायलीवर लिहिलं, ‘अर्जदाराने अर्ज मागे घेतल्याने प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे.’ त्या महिन्यात आमचं प्रलंबित शून्य होतं.

यथावकाश मी निवृत्त झाले. आम्ही शहरातल्या छावणी भागात राहतो, गल्ली शांत आहे. सकाळी पेपर आला की मी सगळा वाचते. पूर्वी वाचायला वेळ नसायचा. आता एक गोष्ट सारखी दिसते. शहरात आमच्या ओळखीच्या एका मुलीची संस्था होती, बायकांना कायदा समजावून सांगायची. तिला बाहेरून येणाऱ्या मदतीची परवानगी पुन्हा मिळाली नाही. नाकारली असंही नाही, फक्त अमुक कागद जोडा, तमुक कागद जोडा, असं होत होत संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. माझा भाचा परदेशात आहे. तो फोनवर सांगतो, तिथं चौकात उभं राहायला आधी अर्ज करावा लागतो, आणि संस्थांना सभासदांची यादी सरकारला द्यावी लागते. जनहित असेल तर एखाद्याची खाजगी माहितीही देता यायची, अशी माहितीच्या कायद्यात एक सवलत होती, तीही आता आखूड केली म्हणतात. कुठंच कुणी तोंड दाबत नाही. कुणीतरी माझ्यासारखी बाई टेबलामागं बसलेली असते आणि अगदी सभ्यपणे सांगते, असं नाही, तसं लिहून आणा. मी हे रागानं लिहीत नाही. तो आवाज कसा काढायचा ते मला पाठ आहे.

गेल्या थंडीत एका गुरुवारी मी भाजी आणायला छावणीच्या बाजारात गेले होते. गुरुवारी तिथं जनावरांचाही बाजार भरतो. त्या बाजूनं चालले असताना मेंढरांच्या घोळक्याजवळ ती दिसली. केस पांढरे झाले होते, पण गोंदण तेच. सोबत तिचा नवरा, खाली बसून तंबाखू मळत असलेला. मला वाटलं, आपण पुढं निघून जावं. मी दोन पावलं गेलेही. मग परत फिरले.

“ओळखलं का, मावशी?”

“व्हय, ओळखलं की,” ती म्हणाली. “तुम्ही इथंच ऱ्हाता?”

मी घर कुठं ते सांगितलं. तिनं सांगितलं, ही शेवटची मेंढरं. माळ सगळा तारेत गेला. पॅनेलखाली गवत येतं, पण आत शिरू देत नाहीत, मशिन लावून कापतात. थोरला मुलगा वाळूजला कारखान्यात कामाला लागला, खोली घेतली, आता तेही तिकडंच जाणार. ती सांगत होती, मी ऐकत होते, आणि मला आता बोललंच पाहिजे असं वाटलं.

“मावशी,” मी म्हणाले, “तुमचं नाव त्यांना मीच सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, तुमच्या अर्जाची झेरॉक्स मी नोटिशीला जोडली होती. मला कळायला हवं होतं.”

तिनं एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

“मला ठावं होतं,” ती म्हणाली.

“कधी कळलं?”

“तवाच. त्या विहीरवाल्यानं घरी येऊन कागदच दाखवला. तुमची सही होती त्याच्यावर. लई मोठी सही करता तुम्ही.”

“मग त्या दिवशी ऑफिसात मला का विचारलं, कुणी सांगितलं म्हणून?”

“म्हन्लं बघावं, ताई काय म्हनती.”

  गर्दीत कुणीतरी म्हशीचा सौदा करत ओरडत होतं.

“तुम्ही म्हनल्या चौकशी करते,” ती पुढं म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. “मंग काय बोलायचं? मी गेले.”

मी म्हणाले, “आता मी नोकरीत नाही. मी माझ्या नावानं अर्ज करते. तो आदेश मी पाहिलाय, त्यात ग्रामसभेचा ठराव जोडलेला नव्हता. तो मागते. पुढं अपील लागलं तर तेही करते. मला सगळं माहीत आहे कसं करायचं.”

“नगा करू.”

“तुमचं नाव कुठं येणार नाही.”

“नाव नाय आलं तरी त्यांना वाटायचं आम्हीच करवलं,” ती म्हणाली. “धाकली पोरगी त्याच गावात दिलीय, ताई. तिचं घर अजून तिथंच हाय. तुम्ही अर्ज कराल, इथं बसाल. पाणी तिला भरायचंय.”

तिच्या नवऱ्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं आणि मान हलवली, नको अशा अर्थानं.

एक व्यापारी आला, मेंढरांचे दात बघू लागला. ती त्याच्याशी बोलायला वळली. मी बाजूला थांबले, जावं की थांबावं ते कळेना. सौदा लवकर झाला. व्यापाऱ्याच्या माणसांनी मेंढरं टेम्पोकडे हाकलली तेव्हा ती चढेनात. मग मावशी पुढं झाली, जिभेनं टक्‌ टक्‌ असा आवाज केला, आणि एकामागं एक सगळी चढली. फळी लागली. तिनं पदर झटकला, माझ्याकडे बघून म्हणाली, “जा आता तुम्ही. ऊन झालंय.”

मी भाजी न घेताच घरी आले. अर्ज मी लिहून ठेवला आहे, टेबलाच्या खणात आहे. तिनं नको म्हटलं म्हणून तो पाठवलेला नाही, असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे की तीही माझीच एक सवय आहे, याची मला खात्री देता येत नाही.